‘कधी करणार?’ असं विचारणाऱ्या मॅडमना

मॅडम,
स. न. वि. वि.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही वैतागाल. फिजिओथेरपीच्या शेवटच्या सेशनला मी आभार मानायला तोंड उघडलं, तर ‘अहो, ते माझं कामच आहे’ म्हणून तुम्ही पुढच्या पेशंटला आत बोलावलंत. समोरासमोर तुम्ही ऐकून घेणार नाही, म्हणून हे उघडं पत्र. शिवाय गुडघ्याच्या निमित्ताने तुम्ही जे हाती दिलंत ते गुडघ्यापुरतं राहिलं नाही. इतर कुणाच्या उपयोगी पडलं तर पडो.

ऑपरेशन झाल्यावर सगळ्यांना मिळतो तसा व्यायामाचा छापील कागद मलाही मिळाला होता. रेषांनी काढलेली माणसं आणि खाली ‘दिवसातून तीन वेळा’. तुम्ही पेन काढून आधी ‘तीन वेळा’वर काट मारलीत आणि विचारलंत, ‘कधी करणार?’

‘सकाळी,’ मी म्हणाले.

‘सकाळी म्हणजे कधी?’

‘वेळ मिळेल तशी.’

‘वेळ मिळत नसते. सकाळी उठल्यावर न चुकता काय करता?’

‘दात घासते.’ दुसरं काही सुचलंच नाही.

‘मग ब्रश जागेवर ठेवला की पलंगावर बसायचं, पाय लांब करायचा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी घ्यायची आणि गुडघा खाली दाबायचा. पाच आकडे मोजून सोडायचा. गुंडाळी रात्रीच उशाशी करून ठेवायची. सकाळी टॉवेल शोधत बसायचं नाही.’ हे सगळं तुम्ही त्या छापील माणसाच्या डोक्यावर, रिकाम्या जागेत लिहून दिलंत. तो कागद अजून आहे माझ्याकडे.

मला तेव्हा हे जरा पोरकट वाटलं होतं. चाळिशी ओलांडलेल्या, हाताखाली माणसं असलेल्या बाईला टॉवेल कुठे ठेवायचा हे शिकवायचं? पुढे कुतूहलापोटी वाचत गेले तेव्हा कळलं की तुमच्या त्या प्रश्नावर भरपूर काम झालेलं आहे. पीटर गोलवित्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १९९९ साली मांडलं की ‘मला हे करायचंय’ एवढा निश्चय पुरत नाही. ‘अमुक झालं की मी तमुक करणार’ असं आधीच बांधून ठेवलं, तर काम प्रत्यक्षात होण्याची शक्यता बरीच वाढते. २००६ साली त्याने आणि पास्कल शीरन यांनी अशा ९४ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हाही हेच दिसलं. कारणही साधं आहे. ऐन वेळी ‘आता करू की नंतर?’ हा वाद मनात सुरू झाला की आळस जिंकतो. वेळ आणि जागा आधीच ठरलेली असली तर वादाला जागाच उरत नाही.

मेंदूचीही त्याला साथ असते. अमेरिकेतल्या एमआयटीमधल्या अ‍ॅन ग्रेबिएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली उंदरांवरचं काम प्रसिद्ध केलं. चक्रव्यूहातली वाट नवी असते तोवर उंदराच्या मेंदूतल्या एका खोल भागातल्या पेशी वाटभर जाग्या असतात. वाट अंगवळणी पडली की त्या मुख्यतः सुरुवातीला आणि शेवटी उसळतात, मधला भाग एका गठ्ठ्यासारखा आपोआप पार पडतो. म्हणजे गठ्ठ्याचं सुरुवातीचं टोक हाती असलं की बाकीचं मागोमाग येतं. माझ्यासाठी ते टोक म्हणजे ब्रश जागेवर ठेवणं.

तुमच्याकडे सगळ्यांना एकच साचा नव्हता, हेही आठवतं. शेजारच्या पडद्याआड खांदा आखडलेले एक ड्रायव्हरकाका असायचे. त्यांची ड्यूटी दर आठवड्याला बदलायची, त्यामुळे ‘सकाळी सातला’ वगैरे त्यांच्या कामाचं नव्हतं. त्यांना तुम्ही सांगितलंत, ‘गाडीत बसलात की किल्ली फिरवण्याआधी खांदे मागे, पाच वेळा.’ गाडी पहाटे निघो नाहीतर मध्यरात्री, किल्ली तर फिरणारच. पहाटे पाचला उठा, तासभर स्वतःसाठी काढा, असं सांगणाऱ्यांना ज्याची रात्रपाळी आहे किंवा ज्याच्या घरी तान्हं मूल आहे असा माणूस बहुधा भेटलेलाच नसतो. घड्याळाऐवजी एखाद्या कृतीला सवय अडकवायची, ही तुमची युक्ती कुणालाही लागू पडते.

दुसरी गोष्ट मापाची. पहिल्या आठवड्यात मी हौसेने वीस वेळा करून आले आणि शाबासकीची वाट बघत बसले. तुम्ही म्हणालात, ‘वीस नकोत, पाचच करा. अंगात ताप असेल, घरात माणसं भरलेली असतील, झोप झालेली नसेल, त्या दिवशीही जमतील इतकेच करायचे.’ मी हिरमुसले होते. आज वाटतं, यातच सगळी मेख आहे. आपण बेत आखतो तो चांगल्या दिवशी, ताज्या डोक्याने, आणि मापही चांगल्या दिवसाचंच घेतो. तो पाळायची वेळ मात्र बहुतेकदा रड्या दिवशी येते. माप रड्या दिवसाचं घेतलं तर चांगल्या दिवशी जास्त झालेलं वरकड. वीसवर तुम्ही मला नेलंतच, पण केव्हा, तर पाच न केल्याने चुकल्यासारखं वाटायला लागलं तेव्हा.

‘२१ दिवसांत सवय लागते ना?’ असंही मी विचारलं होतं. तुम्ही हसून म्हणालात, ‘दिवस मोजू नका.’ त्या २१ ची गोष्ट मोठी मजेशीर आहे. मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने १९६० साली लिहिलं की चेहऱ्याची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांना आपला नवा चेहरा सवयीचा व्हायला कमीत कमी २१ दिवस लागतात. त्यातलं ‘कमीत कमी’ वाटेत गळलं, चेहराही गळला, आणि उरला तो २१ दिवसांचा नियम. प्रत्यक्षात मोजून पाहिलं ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी. ९६ जणांनी १२ आठवडे रोज एक नवी गोष्ट करून पाहिली. निष्कर्ष २०१० साली छापून आले. सवय अंगवळणी पडायला लागणाऱ्या दिवसांचा मध्य होता ६६, पण कुणाला १८ दिवस पुरले, तर कुणाला हिशेबाने २५४ लागले असते. ‘हिशेबाने’ अशासाठी की प्रयोग १२ आठवड्यांचाच होता, पुढचा आकडा आलेख वाढवून काढलेला. खाण्यापिण्याच्या साध्या सवयी लवकर जडल्या, व्यायामाच्या उशिरा. हे वाचल्यावर मला तुमच्या हसण्याचा अर्थ लागला. २१ व्या दिवशीही जड जातंय म्हणून किती जणांनी नाद सोडला असेल!

आता ज्यासाठी मुख्यतः हे पत्र लिहायला घेतलं ते. मध्ये आमच्या घरात आजारपण आलं आणि व्यायाम केला की खूण करायच्या माझ्या वहीतला एक अख्खा आठवडा कोरा गेला. येताना रिक्षात मी खुलाशांची जुळवाजुळव करत होते. तुम्ही वही उघडलीत, कोऱ्या रकान्यांवरून नजर फिरवलीत आणि विचारलंत, ‘घरी आता बरं आहे ना? मग झोपा, एकदा इथे करू.’ बस्स. बोलणी नाहीत आणि ‘असू दे, असू दे’ही नाही. मी नवं पान काढायला गेले, तर तुम्ही पान उलटू दिलं नाहीत. ‘हेच पान चालवायचं. कोरे रकाने राहू द्या.’ सोमवारपासून नव्याने करते म्हटल्यावर म्हणालात, ‘आज बुधवार आहे. बुधवारी काय वाईट आहे?’

आमच्या पिढीच्या अंगात शिस्त म्हणजे अखंडता असं मुरलेलं आहे. एक दिवस चुकला की व्रत मोडलं. आणि मोडलंच आहे तर आता पुढच्या महिन्याच्या एक तारखेला बघू. विल्यम जेम्ससारखा थोर मानसशास्त्रज्ञसुद्धा १८९० साली हेच सांगून गेला, की नवी सवय पक्की रुजेपर्यंत एकही अपवाद होऊ देऊ नका. लॅलींच्या प्रयोगात मात्र असं दिसलं की एखादी खेप चुकल्याने सवय जडण्यात म्हणावा असा फरक पडत नाही. कॅनडात मायकल वोल आणि सहकाऱ्यांनी २०१० साली विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. पहिल्या परीक्षेच्या वेळी केलेल्या चालढकलीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेच्या वेळी चालढकल कमी केली. स्वतःला बोल लावत बसलं की ते पुस्तक डोळ्यांसमोर नकोसं होतं, आणि मग आपण ते आणखी टाळतो. अर्थात माफ करणं म्हणजे झालंच नाही असं दाखवणं नव्हे. तुम्ही ते कोरे रकाने खोडू दिले नाहीत, यातलं शहाणपण मला फार उशिरा उमगलं.

मानसिकतेबद्दल तुम्ही कधी चकार शब्द काढला नाहीत. क्लिनिकच्या भिंतीवर उगवत्या सूर्याचं पोस्टरही नव्हतं. ‘तुमच्यात जिद्द आहे’ असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. म्हणायचात ते असं : ‘आज टाच सावकाश उतरवलीत. परवा सोडून देत होतात.’ क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी १९९८ साली शाळकरी मुलांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. ‘हुशार आहेस’ अशी शाबासकी मिळालेली मुलं पुढे सोपी कोडी निवडू लागली आणि अपयश आल्यावर लवकर खचली. मेहनतीचं कौतुक झालेली मुलं अवघड कोड्यांना भिडली. पण त्यावरून ‘विचार बदला, आयुष्य बदलेल’ असा जो बाजार भरला, त्यावर माझा भरवसा नाही. अमेरिकेत नववीच्या सुमारे १२,००० विद्यार्थ्यांवर मोठा प्रयोग झाला, तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. ‘बुद्धी वाढवता येते’ हे शिकवणाऱ्या, तासाभराहून कमी वेळाच्या ऑनलाइन पाठाने अभ्यासात मागे असलेल्या मुलांचे ग्रेड सरासरी ०.१ गुणाने वर गेले. इतक्या थोड्या वेळात तेवढं झालं हे चांगलंच आहे, पण आयुष्य बदलणं याला म्हणत नाहीत. माझ्या बाबतीत तर क्रम उलटाच होता. आधी गुडघा वाकला, मग जिना चढले, आणि त्यानंतर कधीतरी ‘मला जमतं’ असं वाटू लागलं. तसं वाटेपर्यंत थांबले असते तर अजून काठी घेऊन हिंडत असते.

तुमच्याकडे येणं थांबलं त्याच सुमारास आमच्या खात्यांतर्गत परीक्षेचं परिपत्रक निघालं. ती परीक्षा मी बरीच वर्षं ‘पुढच्या वेळी’वर ढकलत होते. या वेळी तुमचाच प्रश्न स्वतःला विचारला. रात्री ओटा पुसून फडकं वाळत घातलं की टेबलाशी बसायचं आणि एक प्रश्न सोडवायचा. एकच. पुस्तक त्या पानावर उघडं, पेन टोपण काढून, आणि मोबाइल आतल्या खोलीत चार्जिंगला. मोबाइल आणायला उठावं लागतं, तेवढी चार पावलंही पुष्कळ असतात. नको ते काम थोडं लांब ठेवायचं आणि हवं ते हाताशी, हे तुमच्या टॉवेलवरूनच शिकले. बहुतेक रात्री एकाचे तीन-चार प्रश्न व्हायचे. काही रात्री एकही नीट व्हायचा नाही, पण फडकं वाळत पडलं की पाय आपोआप टेबलाकडे वळायचे. मुलगी म्हणायची, ‘आई फडक्यावर चालते.’ परीक्षा सुटली. बढतीचं पत्र आलं त्या रात्रीही ओटा पुसून मी टेबलाशी जाऊन बसले आणि मग लक्षात आलं की सोडवायला काहीच नाही.

सगळंच जमलं असं मात्र नाही. संध्याकाळी फिरायला जाण्याचं घोडं अजून अडलेलंच आहे. ऑफिसमधून आल्यावर जायचं ठरवलं, पण येण्याची वेळ रोज वेगळी आणि आल्यावर समोर काय वाढून ठेवलेलं असेल याचा नेम नाही. खुंटीच हलती असेल तर तिला काय अडकवणार? नवी खुंटी शोधते आहे. आणि वहीत रोज खूण करत राहा, सवय लागली तरी थांबू नका, हे तुमचं म्हणणं मी पाळलेलं नाही. मला त्या खुणांचा कंटाळा येतो. प्रगतीची नोंद ठेवल्याने फायदा होतो का, यावरच्या १३८ अभ्यासांचा आढावा २०१६ साली निघाला आहे आणि तो तुमच्या बाजूने आहे, हेही इथेच कबूल करून टाकते.

शेवटी एक परवानगी हवी आहे. आमच्या विभागात नव्याने लागलेली मुलं परीक्षेचं विचारायला येतात, तेव्हा मी त्यांना तुमच्या कागदासारखा एक कागद देते. वर तीनच ओळी : कशानंतर करणार, कुठे बसणार, वाईट दिवशी किती. खाली रकाने, आणि तळाशी बारीक अक्षरात ‘कोरे रकाने खोडू नयेत’. एक-दोघांनी विचारलं की ही कल्पना कुणाची. मी म्हटलं, एका फिजिओथेरपिस्टची. त्यांना वाटलं मी थट्टा करतेय. तुमची हरकत नसेल तर पुढच्या छपाईला खाली तुमचं नाव घालीन. हरकत असेल तर कळवा, नंबर तुमच्या रजिस्टरमध्ये आहेच.

कळावे, लोभ असावा.

आपली एक जुनी पेशंट
(डावा गुडघा)