एकदा चाललं म्हणून सगळीकडे चालेल?

संपादक साहेब,
बांगलादेशात रंगपूरकडे भात कापणीच्या आधी दोनेक महिने हाताला कामच नसतं, त्याला तिथे मोंगा म्हणतात. २००८ मध्ये संशोधकांनी गरीब घरांना शहरात कामाला जायला बसभाड्याएवढे पैसे दिले आणि त्या घरांच्या पोटात खरंच जास्त गेलं, मग योजना वाढवली. पण २०१७ ला हजारो घरांपर्यंत नेऊन परत तपासलं तर फरकच दिसेना, आणि मला सगळ्यात भावलं ते हे की योजना चालवणाऱ्या संस्थेने ते लपवलं नाही, २०१९ मध्ये योजना सरळ बंद केली. आपल्याकडे बऱ्याचदा पायलटचा, म्हणजे छोट्या चाचणीचा, एक रिपोर्ट आला की राज्यभर जीआर निघतो, नंतर कोण मोजतंय! मोठ्या योजना बाहेरच्या लोकांकडून परत तपासून घ्या, आणि आकडे वाईट आले तरी जाहीर करा.
— एक वाचक, नाशिक