ॲडमिशन मिळाली, फी भरायला हात कमी पडतायत : मंडळाच्या शिक्षण निधीसाठी आवाहन

नमस्कार मंडळी,

बारावीचे रिझल्ट लागले, जीकॅसवर, म्हणजे गुजरातच्या कॉलेज ॲडमिशनच्या सरकारी पोर्टलवर, फॉर्म भरून झाले, आता एकेक राउंडच्या लिस्टा लागतायत आणि दांडिया बाजारातल्या आपल्या मंडळाच्या ऑफिसात रोज संध्याकाळी पोरं आणि त्यांचे आईवडील यायला लागलेत. मेसेज जरा लांब झालाय, पण पूर्ण वाचा, आणि पुण्या-मुंबईला, फॉरेनला गेलेल्या आपल्या बडोदेकरांनाही पाठवा.

दरवर्षी एक प्रश्न येतो म्हणून त्याचंच उत्तर आधी देतो. सरकारच्या इतक्या स्कॉलरशिपा असताना मंडळाने वेगळा निधी कशाला जमवायचा? स्कॉलरशिपा आहेत, खरंच आहेत, आणि चांगल्या आहेत. मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजना, म्हणजे आपण एमवायएसवाय म्हणतो ती, त्यात बारावीला ८० पर्सेंटाइल आणि घरची आवक वर्षाला ६ लाखांच्या आत असेल तर ट्यूशन फीची निम्मी रक्कम मिळते, इंजिनियरिंगला जास्तीत जास्त ५०,००० आणि साध्या बीए, बीकॉम, बीएस्सीला १०,००० पर्यंत. एससी, एसटी, ओबीसीच्या मुलांसाठी डिजिटल गुजरात या सरकारी पोर्टलवर वेगळ्या आहेत. पण यातल्या बहुतेक ठिकाणी आधी फी भरा, पावती अपलोड करा, व्हेरिफिकेशन होऊ द्या, मग पैसे खात्यात येतील, असा क्रम आहे. फी भरायची मुदत चार-सहा दिवसांची आणि स्कॉलरशिप येणार कित्येक महिन्यांनी. मधलं अंतर ज्याच्या घरात साठवलेले पैसे आहेत तो सहज ओलांडतो, आणि ज्याच्यासाठी ही योजना काढली त्यालाच ते ओलांडता येत नाही. आपला निधी मुख्यतः या मधल्या महिन्यांसाठी आहे. आणि जो ७९ पर्सेंटाइलला अडकला त्याच्यासाठीही.

एक उदाहरण सांगतो, नाव सांगणार नाही. आपल्याच गल्लीतली मुलगी, एसीपीसीच्या, म्हणजे सरकारी ॲडमिशन कमिटीच्या राउंडमध्ये तिला इंजिनियरिंगची सीट लागली, ती पण सेल्फ फायनान्सची, त्यामुळे फी मोठी. आई पिको-फॉल आणि ब्लाउज शिवते. आवकच्या दाखल्यासाठी कचेरीत अर्ज दिलेला, तो अजून हातात नाही, आणि फीची शेवटची तारीख गुरुवार. काकू ऑफिसात आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, मशीन विकून टाकते, गिऱ्हाईक बघून ठेवलंय. आमच्यातल्या एका ताईंनी त्यांना तिथेच खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, मशीन विकलंत तर दुसऱ्या सेमिस्टरची फी कशातून भराल? त्या काही बोलल्या नाहीत. निधीतून फी भरली. एमवायएसवायचे पैसे पुढच्या वर्षी जमा झाले तेव्हा त्या मुलीने स्वतः येऊन तेवढी रक्कम परत केली, आणि तीच रक्कम त्याच वर्षी बीएस्सीच्या एका मुलाला गेली. पैसा असा फिरता राहतो, म्हणून तुमचे ५०० रुपये एकदाच वापरून संपत नाहीत, हे लक्षात घ्या.

फी तरी निदान पावतीवर छापलेली असते. बाकीचा खर्च कोणी आधी सांगतच नाही. पहिल्या वर्षाला मिनी ड्राफ्टर, ड्रॉइंग शीट, ॲप्रन, सायंटिफिक कॅल्क्युलेटर, मग काही महिन्यांत लॅपटॉप. फाइन आर्ट्सला तर खर्च संपतच नाही. आपल्या महाराजा सयाजीराव (एमएस) युनिव्हर्सिटीची फाइन आर्ट्स फॅकल्टी १९५० सालची, देशभरातून मुलं इथे शिकायला येतात, आणि आपल्या घरापासून सायकलने जाता येईल इतक्या अंतरावर ती आहे. पेंटिंगला असलेला आपला एक मुलगा नवीन कॅनव्हास परवडत नाही म्हणून जुन्यावरच पांढरा रंग मारून परत त्याच्यावर काढायचा. शिकायला तेवढ्याने चालतं. पण वर्षाच्या शेवटी डिस्प्ले असतो, भिंतीवर काम लावायचं असतं, आणि याचं वर्षभराचं काम त्या तीन-चार कॅनव्हासच्या आत एकावर एक दबलेलं, दाखवायला फक्त वरचा थर. आम्हाला हे कळलं डिस्प्लेच्या आठवड्यात. तेव्हापासून साहित्याचा खर्च निधीत वेगळा धरतो आणि तो परत मागत नाही.

लोनबद्दल पण थोडं. एज्युकेशन लोन घेऊ नका असं आम्ही कोणालाच सांगत नाही. नियमाप्रमाणे ४ लाखांपर्यंत मार्जिन, म्हणजे खर्चातला स्वतःचा वाटा, लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत काही गहाण ठेवावं लागत नाही, हप्ता कोर्स संपल्यावर वर्षाने सुरू होतो. पण व्याज पैसे उचलल्या दिवसापासून चढतं हे पुष्कळ पालकांना माहीतच नसतं, आणि आईवडिलांपैकी एकाला सोबत सही करावी लागते. एका वडिलांचा जुन्या बाइकचा हप्ता कधीतरी चुकलेला, तेवढ्यावरून त्यांना काउंटरवरूनच परत पाठवलं, लेखी नकारसुद्धा दिला नाही. बँकेतून रिटायर झालेले आपल्यात खूप जण आहेत. काका, पैसे नका देऊ हवं तर, पण अशा पालकांबरोबर एकदा बँकेत जा, विद्यालक्ष्मी पोर्टलवर अर्ज कसा करायचा ते दाखवा, फार फरक पडतो.

आता दुसरा प्रश्न, जो लोक तोंडावर विचारत नाहीत पण मनात असतो, की डिग्री करून तरी काय होतं, बीकॉम झालेले पण दहा-बारा हजारावर काम करतात. हे खोटं नाही. पण मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, कॉन्ट्रॅक्टवर काम करणाऱ्या आपल्या वडील मंडळींना विचारा, ते या बाबतीत सगळ्यात स्पष्ट बोलतात. एक जण म्हणाले, मशीन मी वीस वर्षं चालवतोय, ड्रॉइंग मला वाचता येतं, पण त्याच्यावर सही करणारा माणूस दुसरा असतो, माझ्या पोराची सही तिथे व्हावी. आणि सगळीच मुलं पगारासाठी शिकत नाहीत. केमिस्ट्रीत एमएस्सी करायची आहे कारण तो विषय सोडवत नाही, असं सांगणारी मुलगी आपल्याकडे आलेली आहे, आणि मला वाटतं तिला "पुढे स्कोप काय" हे विचारायचा आपल्याला हक्क नाही. मुलीला घरी बसून एक्स्टर्नल करू दे, मुलाला रेग्युलर घालू, असं अजूनही काही घरांत चालतं. ज्या गावातल्या युनिव्हर्सिटीच्या १९४९ मध्ये पहिल्या कुलगुरू हंसाबेन मेहता होत्या त्या गावात तरी हे नको.

आपलं गाव याबाबतीत लहान नाहीच. बडोदा कॉलेज १८८१ चं. कला आणि तंत्रशिक्षण देणारं कलाभवन १८९० चं, दादासाहेब फाळके तिथे शिकले. आणि १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांच्या संस्थानाने बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया युनिव्हर्सिटीत शिकायला महिन्याला साडेअकरा पाउंड, तीन वर्षांसाठी दिले. हे आपण सगळे अभिमानाने सांगतो, सांगावंच. पण पुढचं पण सांगितलं पाहिजे. शिकून १९१७ मध्ये ते इथे नोकरीला आले तेव्हा या शहरात त्यांना राहायला कोणी खोली दिली नाही. पारशी सराईत नाव लपवून राहावं लागलं, अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं येऊन उभी राहिली, आणि शेवटी ते कमाटीबागेत जाऊन बसले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला गेले. स्कॉलरशिप देणारं गाव आणि खोली न देणारं गाव एकच होतं.

म्हणून यंदा पैशांइतकंच कळकळीने खोल्या मागतोय. बाहेरगावाहून, डांग, नवापूर, नंदुरबारकडून येणारी मुलंमुली एमएसमध्ये ॲडमिशन घेतात, हॉस्टेल सगळ्यांना मिळत नाही, फतेगंज-प्रतापगंजला पीजी म्हटलं की जेवणासकट सात-आठ हजार आणि वर डिपॉझिट. त्यात काही जणांना फोनवर आधी आडनाव विचारलं जातं आणि मग खोली "आत्ताच गेली" असते. रावपुऱ्यात, बाबाजीपुऱ्यात, वाडीत आपली किती घरं आहेत जिथे मुलं बाहेरगावी गेली आणि वरचा मजला बंद पडलाय. ती खोली वाजवी भाड्याने द्या. एकच अट, जात विचारायची नाही, आडनावावरून ठरवायचं नाही. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी खोली देऊ नका, तशी खोली आम्ही मुलांना दाखवणार नाही.

देणगीचं सांगतो. एकदम मोठी रक्कम हवी असं नाही, महिन्याला ५०० ठरवून दिलेत तर आम्हाला वर्षाचा अंदाज बांधता येतो आणि जूनमध्ये कोणाला "बघतो, सांगतो" म्हणावं लागत नाही. मंडळाला ८०जी नाही, म्हणजे टॅक्समध्ये सूट मिळणार नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. पैसे मुलाच्या हातात न देता शक्यतो थेट फीच्या खात्यात भरतो. कोणत्या मुलाला किती दिले हे जाहीर करत नाही, स्टेजवर बोलावून फोटो काढत नाही, आणि देणगीदारांनीही तसा आग्रह धरू नये ही हात जोडून विनंती. हिशोबाची वही मात्र ऑफिसात उघडी असते, नावं झाकून, कोणीही येऊन बघा. गणपतीच्या डेकोरेशनचं बजेट यंदा कमी करून ती रक्कम निधीत टाकायचं तरुण मंडळींनी स्वतःहून ठरवलंय, त्यांचं मनापासून कौतुक.

ऑफिस रोज संध्याकाळी सात ते नऊ उघडं आहे. ऑनलाइन देणाऱ्यांसाठी कोड आत बोर्डावर लावलाय, फॉरवर्ड होत आलेल्या कुठल्याही कोडवर पैसे टाकू नका. रविवारी सकाळी दहापासून फॉर्म भरायला बसतो, लॅपटॉप असणारे दोन-तीन जण हवेत, स्कॅनर आहे. मुलांनी येताना आधार, मार्कशीट, बँक पासबुक आणि आवकचा दाखला आणायचा, दाखला आला नसेल तर अर्जाची पावती आणा, तेवढ्यावर काम सुरू करू. आणि खोली द्यायची असेल त्यांनी नुसतं सांगून ठेवा, आमच्यातली ताई आणि एक काका येऊन बघून जातील.

आपले,
शिक्षण निधी समिती