विज्ञान दिन द्राक्षमळ्यातही व्हावा

संपादक महोदय,

२८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, नाशिकच्या शाळाशाळांत विज्ञान प्रदर्शने भरतात. नेमका तोच द्राक्षकाढणीचा ऐन हंगाम. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या मजुरांच्या टोळ्या तेव्हा दिंडोरी-निफाडच्या मळ्यांत असतात आणि त्यांची मुलेही तिथेच, धाकट्या भावंडांना सांभाळत. मी आयुष्यभर विज्ञान शिकवले, पण ही गोष्ट निवृत्तीनंतर लक्षात आली. त्याची खंत आहे.

गेल्या हंगामात नात्यातल्या एका बागेत गेले होते. माल बघायला आलेल्या माणसाने मणी चिरडला, थेंबभर रस रिफ्रॅक्टोमीटरच्या, म्हणजे साखरेचे टक्के मोजणाऱ्या नळीच्या, काचेवर टाकला. शेजारी घड उतरवणारी बाई म्हणाली, "अठरा भरंल." भरले अठराच. नळी मी तिच्या मुलीच्या डोळ्याला लावली. वर निळे, खाली पांढरे आणि मधली रेघ अठरावर. रसात साखर जितकी जास्त तितका प्रकाश जास्त वाकतो, एवढेच सांगितले. पोरीने माझ्याकडे पाहिलेच नाही, आईला विचारले, "तुला नळीबिगर कसं कळलं?" मग मण्याचा पिवळसर रंग, त्याचा मऊपणा, सगळे आईने हातात घड धरून समजावले. सर रामन यांनी १९२८ साली याच तारखेला जाहीर केलेला शोधही प्रकाशाचाच होता. त्या दिवसाला याहून चांगला पाठ मला वर्गात कधी जमला नव्हता.

शिक्षणहक्क कायदा आहे, स्थलांतरित मुलांसाठी शिक्षण हमी कार्डही आहे. तरी आईबाप शिकण्याच्या बाहेरच राहतात. त्यांना दुपारी शाळेत बोलावून काय उपयोग? रोज बुडवून कोण येणार? आपण संध्याकाळी त्यांच्या शेडवर जायला हवे. डिपिंगसाठी, म्हणजे मणी फुगावेत म्हणून घड औषधात बुडवायला, शंभर लिटर पाण्यात एक ग्रॅम जीए (जिबरेलिक आम्ल) म्हणजे दहा पीपीएम, दहा लाख भागांत दहा भाग, हे गणित तिथल्या बायकांच्या रोजच्या हाताखालचे आहे. सुरुवात तिथूनच व्हावी आणि बोलायला कोकणा बोली येणारे, त्याच भागातले कॉलेजचे विद्यार्थी असावेत. सातपूर-अंबडच्या कारखान्यांलगतच्या वस्त्यांत हेच हिंदीतून करता येईल; तिथे कित्येकांचे वडील लेथवर काम करतात.

महापालिकेच्या तारांगणाने आणि विज्ञान शिक्षकांनी हे मनावर घ्यावे, ही कळकळीची विनंती. बागायतदारांनी शेडमध्ये एक दिवा आणि बसायला ताडपत्री द्यावी. येत्या हंगामात आठवड्याच्या दोन संध्याकाळी मी स्वतः यायला तयार आहे.

— एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, नाशिक