ट्यूब त्यांचीही बुडाली होती

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चिनी कंपन्या जगभर एवढ्या पसरल्या कशा, हा विषय आपल्याकडे 'स्वस्त माल' आणि 'सरकारी पैसा' एवढ्यावर मिटतो. मी तीस वर्षं पैठणला टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवतो. मागचं झाकण काढल्यावर जे दिसतं, त्यावरून मला हे उत्तर अपुरं वाटतं.

एके काळी माझ्या टेबलावर येणारे कितीतरी सेट आमच्याच रस्त्यावरच्या चितेगावचे, म्हणजे व्हिडिओकॉनचे असत. ही कंपनी नुसते सुटे भाग जोडत नव्हती. पिक्चर ट्यूबची काचसुद्धा तिच्या भरूचच्या कारखान्यात तयार होई. २००५ मध्ये तिने फ्रान्सच्या थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा धंदाच विकत घेतला. इटली, पोलंड, मेक्सिको आणि चीनमधले कारखाने औरंगाबादच्या मालकीचे झाले. आम्हाला त्याचा केवढा अभिमान वाटला होता!

त्याच थॉमसनचा टीव्हीचा धंदा आदल्याच वर्षी चीनच्या टीसीएलकडे गेला होता. १९८१ मध्ये कॅसेट बनवण्यापासून सुरू झालेली ही कंपनी. थॉमसनबरोबरच्या भागीदारीत तिचा वाटा ६७ टक्के होता. युरोपात थॉमसन आणि अमेरिकेत आरसीए ही लोकांच्या ओळखीची नावं वापरायची आणि माल चीनमधल्या कमी खर्चात बनवायचा, असा बेत होता. तो फसला. युरोपातलं गिऱ्हाईक बघता बघता चपट्या टीव्हीकडे वळलं आणि टीसीएल जाड्या सेटचा साठा घेऊन बसली. तोटा इतका झाला, की तिला युरोपातला बहुतेक कारभार गुंडाळावा लागला.

म्हणजे एकाच फ्रेंच घरातून दोघांनी सामान उचललं आणि दोघांचंही एकाच कारणाने भंगारात गेलं. चिनी कंपन्या चुकत नाहीत, असं मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

फरक पुढे पडला. टीसीएलने २००९ मध्ये शेनझेनला पॅनेलचा, म्हणजे चपट्या टीव्हीच्या पडद्याचा, कारखाना काढला. खर्च सुमारे २४.५ अब्ज युआन. सुरुवातीच्या भागभांडवलातला निम्मा वाटा शेनझेन शहराच्या सरकारी कंपनीने उचलला. टीव्हीत पॅनेल म्हणजे काय, हे आम्हा मेकॅनिकांना विचारा. बॅकलाइटची पट्टी गेली तर मी बदलतो, पॉवर सप्लाय गेला तर दुरुस्त करतो. पॅनेल फुटलं, की मात्र गिऱ्हाइकाला सांगतो, 'काका, यात पैसे घालू नका, नवा घ्या.' सेटच्या किमतीतला सगळ्यात मोठा हिस्सा तोच. ज्याच्या हातात पॅनेल, त्याच्या हातात भाव. कोरियाकडे पॅनेल मागणारी टीसीएल काही वर्षांत स्वतः पॅनेल विकू लागली आणि मग पुन्हा बाहेर पडली. २०१६ मध्ये ब्राझीलला तिथल्या सेम्प या जुन्या कंपनीशी भागीदारी केली. आज सर्वाधिक टीव्ही विकणाऱ्या जगातल्या पहिल्या तीन कंपन्यांत ती आहे. २०२५ मध्ये तर एलजीचा ग्वांगचौचा पॅनेल कारखानाही तिने घेतला.

व्हिडिओकॉन मात्र मोबाइल सेवेत आणि तेलाच्या विहिरींत शिरली. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टू-जीचे परवाने रद्द केले, त्यात तिचेही गेले. २०१८ मध्ये प्रकरण दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेलं आणि समूहावरचे मान्य झालेले दावे साठ हजार कोटींच्या वर निघाले. मालकांच्या निर्णयांवर पुष्कळ लिहून झालं आहे. मला सलतं ते वेगळंच. काचेपासून सेटपर्यंत हात असलेली कंपनी आपल्या जिल्ह्यात होती आणि काळ ट्यूबकडून पॅनेलकडे वळला, तेव्हा तिकडे नेणारा रस्ता कोणीच बांधला नाही. बँकांनी कर्जं दिली, पण ती दुसऱ्याच कामांना लागली.

चीनच्या सरकारी पैशाबद्दल परदेशी कंपन्यांची तक्रार खोटी नाही. तिकडे इतके कारखाने निघाले, की पॅनेलचे भाव कोसळले आणि सॅमसंगलाही एलसीडी पॅनेलच्या धंद्यातून बाहेर पडावं लागलं. पण आपणही सवलती देतोच. त्या नेमक्या कशासाठी देतो, ते पाहायला हवं. टीसीएलने तिरुपतीला कारखाना काढला आहे, पण तिथे पॅनेलची जुळणी होते. मूळ काच बाहेरूनच येते.

चितेगावच्या पुढे, याच रस्त्यावर, बिडकीनला ऑरिक या औद्योगिक वसाहतीची हजारो एकर जमीन उद्योगांसाठी राखलेली आहे. तिथे इलेक्ट्रॉनिक्सची कंपनी येईल, मग ती चिनी असो, कोरियन असो की आपली, तेव्हा जमिनीची आणि विजेची सवलत देण्याआधी सरकारने तिच्याकडून लिहून घ्यावं, की सेटमधला कोणता भाग ती इथे बनवेल आणि किती वर्षांत. आणि तो करार लोकांना वाचायला मिळावा.

आपला,
एक वाचक, पैठण