सीएसआरच्या (सामाजिक जबाबदारीच्या) खर्चाआधी थकलेली बिले चुकती करा

संपादक महोदय,
सोलापुरात यंत्रमाग का थांबून राहतात, असे विचारले की वीज आणि कामगार यांपलीकडे चर्चा जात नाही. खरेदीदार कंपन्यांकडे थकलेल्या बिलाचे नाव कोणी काढत नाही.

टेरी टॉवेलच्या मागावर दोन बीम (सूत गुंडाळलेले रूळ) लागतात, एक तळाच्या ताण्याचा, म्हणजे उभ्या धाग्यांचा, आणि दुसरा लूपच्या, म्हणजे टॉवेलवरच्या फाशांच्या, सुताचा. लूपला सूत कितीतरी जास्त लागते, म्हणून दोन्हींचा मेळ आधीच बसवावा लागतो. आधीच्या मालाचे पैसे अडकले की कारखानदार सूत तुकड्यातुकड्याने उचलतो, बीम आखूड भरतात आणि जोडणीसाठी माग पुन्हा पुन्हा थांबतो. रंगाईचेही तेच. फिक्याकडून गडदाकडे क्रम लावला तर मशीन कमी वेळा धुवावे लागते. पण येईल ते सूत रंगवायचे म्हटले की क्रम मोडतो आणि लॉटालॉटात छटा बदलते. मग पैसे थकवणाराच ‘शेड जुळत नाही’ म्हणून माल परत पाठवतो! कामाचे वेळापत्रक लावणारे सॉफ्टवेअर घेतले, तरी ते इथे काय करणार?

२००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म-लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या ‘बँक दरा’च्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. माल पोहोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर पोहोचल्याचा दिवसच स्वीकृतीचा धरतात. म्हणून डिलिव्हरी चलनाच्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्यावाच, आणि उद्यम नोंदणी (सरकारकडची लघुउद्योग म्हणून नोंदणी) माल पाठवण्याआधीची हवी.

दुसरा मार्ग ‘ट्रेड्स’चा, म्हणजे बिलावर बँकेकडून आधीच पैसे मिळवून देणाऱ्या ऑनलाइन मंचाचा. बिल मंचावर चढवायचे, खरेदीदाराने ते मान्य केले की बँका व्याजदराची बोली लावतात. दहा लाखांच्या बिलावर ९ टक्के दर धरला तर ४५ दिवसांचे व्याज सुमारे ११,१०० रुपये होते, मंचाचे शुल्क वेगळे. महिना दीड टक्क्याने बाजारातून उचलले तर तेच २२,५००. शिवाय पुढे खरेदीदाराने पैसे बुडवले, तरी बँक पुरवठादाराकडे वसुलीला येत नाही. २५० कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना इथे नोंदणी सक्तीची आहे. मात्र नोंदणी करून बिल मान्यच केले नाही, तर बोली लागणार कशावर? खरी मेख इथे आहे.

कंपनी कायद्याच्या कलम १३५ प्रमाणे पात्र कंपन्या मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के सीएसआरवर खर्च करतात. पुरवठादाराची बिले त्यात मोडत नाहीत, हे बरोबरच. पण ४५ दिवसांपुढे राहिलेल्या थकबाकीचे सहामाही विवरणपत्र कंपन्यांना कारणांसह भरावे लागते. सीएसआरच्या धनादेशाचे छायाचित्र छापताना, त्या विवरणपत्रात किती रक्कम दाखवली आहे, एवढे आपल्या बातमीदाराने जरूर विचारावे.

— एक यंत्रमाग हिशेबनीस, अक्कलकोट रस्ता, सोलापूर