कर्नल बदलण्याआधी केबल तपासा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरच्या संगणकावरील ध्वनिमुद्रणाविषयीच्या आपल्या लेखात, लिनक्सवर स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येत असल्यास सर्वप्रथम रिअल-टाइम कर्नल (तातडीची कामे ठरल्या वेळेत उरकणारा, ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) बसवावा, असे सुचवले आहे. सल्ला खोटा नाही. पण जे शेवटी करायचे, ते त्यात आधी आले आहे.

मुळात हा उशीर येतो बफरमुळे, म्हणजे आवाज पुढे जाण्याआधी जिथे साठतो त्या जागेमुळे. साउंड कार्ड आवाजाचे नमुने एकेक करून नव्हे, तर गठ्ठ्याने पुढे पाठवते. सेकंदाला ४८,००० नमुने घेतले जात असतील तर १०२४ नमुन्यांचा गठ्ठा भरायला सुमारे २१ मिलिसेकंद लागतात, १२८ नमुन्यांचा गठ्ठा मात्र २.७ मिलिसेकंदांत भरतो. आणि आवाज आत येताना व बाहेर जाताना असे दोन्हीकडे थांबावे लागत असल्यामुळे प्रत्यक्षातला उशीर याच्या दुपटीहून थोडा अधिकच भरतो. हवेतून एक मीटर जायला आवाजाला साधारण ३ मिलिसेकंद लागतात, हे लक्षात घेतले तर दहाएक मिलिसेकंदांचा उशीर गिटारवादक सहज सांभाळून घेतो. गायकाचे तसे नसते, कारण त्याला स्वतःचा आवाज हाडांतून तत्क्षणी ऐकू येत असतो आणि हेडफोनमधला मागाहून येणारा आवाज त्याच्याशी भांडतो. (साउंड कार्डावर डायरेक्ट मॉनिटरिंगची, म्हणजे माइकचा आवाज संगणकात न फिरवता थेट हेडफोनमध्ये देण्याची, सोय असेल तर गायकापुरता हा प्रश्न एका बटणात मिटतो, हे लेखात यायला हवे होते.)

बफर लहान केला की आवाजात चटचट सुरू होते. याचा दोष प्रोसेसरच्या वेगाला दिला जातो, पण बहुतेक वेळा प्रश्न वेगाचा नसून वेळेवर हजर होण्याचा असतो. मी स्वतः याच चटचटीपायी दोन संध्याकाळी कर्नल बदलण्यात घालवल्या आणि काहीही फरक पडला नाही. मग पीडब्ल्यू-टॉप (pw-top) ही आज्ञा चालवून पाइपवायरच्या, म्हणजे लिनक्सवर आवाजाची ने-आण करणाऱ्या प्रोग्रामच्या, चुकांचा रकाना नुसता बघत बसलो. आकडा बराच वेळ स्थिर राही आणि मग एकदम पाचदहाने उडी घेई, तीही नेमकी बाहेरच्या डिस्कचा दिवा लुकलुकू लागला की. डिस्क आणि साउंड कार्ड एकाच यूएसबी हबवर होते. कार्डाची केबल थेट संगणकाच्या वेगळ्या पोर्टात लावली आणि आकडा जिथल्या तिथे थांबला.

त्यानंतर पाहायची ती परवानगी. ध्वनीच्या कामाला वरचा अग्रक्रम मिळावा आणि त्याची मेमरी डिस्कवर ढकलली जाऊ नये, यासाठी अनेक ठिकाणी वापरकर्त्याला ऑडिओ गटात घालून त्या गटाला तशी मुभा द्यावी लागते. हे केल्यावर लॉगआउट करून पुन्हा लॉगइन करायला लोक विसरतात आणि काहीच बदलले नाही म्हणून वैतागतात. प्रोसेसरचा गव्हर्नर (त्याचा वेग ठरवणारी सेटिंग) वीजबचतीवरून परफॉर्मन्सवर आणावा, मुद्रणापुरते वाय-फाय बंद ठेवून पाहावे, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. एवढे करूनही चटचट राहिली तरच कर्नलकडे वळावे. रिअल-टाइमचा भाग २०२४ मध्ये, ६.१२ या आवृत्तीपासून, मूळ कर्नलमध्येच आला आहे, त्यामुळे त्यासाठी वेगळा पॅच शोधत बसण्याचे दिवस गेले. त्याहीआधी, सध्याच्याच कर्नलला बूट होताना प्रीएम्प्ट=फुल (preempt=full) हा, तातडीच्या कामासाठी चालू काम मध्येच थांबवू देणारा, पर्याय देऊन पाहता येतो. माझे काम १२८ नमुन्यांवर तेवढ्यातच भागले.

आणखी एक दुरुस्ती. लेखात सर्वांत लहान बफर कायमचा ठेवण्यास सांगितले आहे. वाजवताना तो लहान हवा हे खरेच, पण मुद्रण संपून मिक्सिंग सुरू झाले की उशिराने काही बिघडत नाही आणि प्लगइनचा (आवाजावर परिणाम चढवणाऱ्या जोडप्रोग्रामांचा) भार मात्र वाढतो. तेव्हा बफर पुन्हा १०२४ वर न्यावा.

आपला,
एक वाचक