ऐन वेळी उठून गेलेले न्यायमूर्ती

मा. संपादक,
स. न.

कालच्या पुरवणीतला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातले न्या. डेव्हिड डेव्हिस यांच्यावरचा लेख वाचला. 'लिंकनचे जिवलग', 'निःस्पृह न्यायाधीश' अशा विशेषणांची खैरात पाहून करमणूक झाली. १८६० च्या रिपब्लिकन पक्षाच्या शिकागो अधिवेशनात त्यांनी लिंकनसाठी केलेल्या जुळवाजुळवीवर तुमच्या लेखकाने दोन रकाने घातले. १८७७ मात्र एका ओळीत उरकले: 'पुढे ते सिनेटवर गेले.' गेले म्हणजे? कुणी धाडले, आणि जाताना काय वाऱ्यावर सोडून गेले?

१८७६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत डेमोक्रॅट टिल्डन विरुद्ध रिपब्लिकन हेज असा सामना होता. टिल्डनची १८४ निर्वाचक-मते (राज्यांच्या निर्वाचकांची, अध्यक्ष ठरवणारी) पक्की होती, हवे होते फक्त एक. वादातल्या २० मतांसाठी १५ जणांचा आयोग बसणार होता, आणि त्यातले पाचवे न्यायमूर्ती, म्हणजे निर्णायक मत, डेव्हिसच असणार हे सगळे धरून चालले होते, कारण ते कुठल्याच पक्षाला बांधलेले नव्हते. नेमक्या त्याच आठवड्यात इलिनॉयच्या विधिमंडळातल्या डेमोक्रॅटांनी त्यांना सिनेटवर निवडून दिले (टिल्डन त्यांचाच उमेदवार, ही त्यांची अक्कल!) आणि साहेबांनी आयोगातून अंग काढून घेतले. जागा रिपब्लिकन ब्रॅडलींना मिळाली. मग वादाच्या प्रत्येक राज्यात ८ विरुद्ध ७, आणि हेज १८५-१८४ ने अध्यक्ष. गंमत म्हणजे डेव्हिस ४ मार्चपर्यंत सर्वोच्च न्यायालयातच होते. हेजच्या निवडीची घोषणा २ मार्चला झाली. म्हणजे बसायचे असते तर बसता आले असते.

मला हे जरा जास्तच झोंबले. आमच्या घरच्या जमिनीचा वाटपाचा दावा असाच. दोन्हीकडचा युक्तिवाद संपला, निकालाची तारीख पडली आणि न्यायाधीशांची बदली झाली. नव्या साहेबांपुढे सगळे पहिल्यापासून. वकिलांची फी पुन्हा. मधल्या काळात धाकटे काका वारले, त्यांचे वारस रेकॉर्डवर आणण्यात आणखी तारखा गेल्या. ज्यांनी साक्षीदारांचे चेहरे पाहिले होते ते दुसऱ्या जिल्ह्यात, आणि आम्ही कोर्टाच्या व्हरांड्यात. पण त्या साहेबांना दोष कसा देऊ? बदलीचा हुकूम वरून आला होता. डेव्हिसना असा हुकूम कुणी दिला होता?

१८६६ चा मिलिगन खटल्याचा निकाल त्यांचा, तो मोठाच, हे कबूल. नागरी न्यायालये चालू असताना नागरिकाला लष्करी न्यायासनापुढे उभे करता येत नाही, हे त्यांनी लिंकनच्याच कारकिर्दीतल्या खटल्यात ठणकावून सांगितले. पण हेच गृहस्थ १८७२ मध्ये न्यायासनावर बसल्या बसल्या लेबर रिफॉर्म पक्षाचे अध्यक्षपदाचे उमेदवार झाले होते. हे तुमच्या निःस्पृहतेत कुठे बसते, ते लेखकाने सांगावे. त्यांच्या जाण्याने एक मात्र बरे झाले: रिकाम्या खुर्चीवर हेजनी हार्लन यांना नेमले, आणि १८९६ च्या प्लेसी खटल्यात वर्णभेदाविरुद्ध एकट्याने मत नोंदवणारे तेच. लेखात त्यांचे नावही नाही.

आणखी एक. माझ्या मागच्या पत्रातला मुद्द्याचा परिच्छेद गाळून तुम्ही 'आपला लेख वाचला, आवडला' एवढेच छापलेत. या वेळी जागा कमी पडली तर आमच्या जमिनीचे खुशाल कापा, हार्लनना हात लावू नका.

आपला,
एक जुना वर्गणीदार, सातारा